सेगाव की शेगाव? वर्ध्याच्या वाटेवरच्या ओळखी

वर्धा जिल्ह्यात माणसाला आधी नाव विचारीत नाहीत, गाव विचारतात. "का जी, कोण्या गावचे?" हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर दिले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "कोणतं ते?" कारण नुसत्या गावाच्या नावाने काम भागत नाही. कारंजा म्हटले तर घाडग्यांचे की लाडांचे? घाडग्यांचे कारंजे वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावर. लाडांचे तिकडे वाशीम जिल्ह्यात. सेलू एक वर्ध्याचे, एक परभणीचे. आष्टी इथे आहे तशी बीडकडेही आहे. वायगाव तर एकाच जिल्ह्यात दोन. वर्ध्याजवळचे ते निपाणीचे वायगाव, आणि समुद्रपूर तालुक्यातले ते हळद्या वायगाव, ज्याच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळद घ्यायला निघालेला माणूस निपाणीच्या वायगावला उतरला तर त्याला रिकाम्या पिशवीनेच परतावे लागेल.

या नावांच्या घोटाळ्यातून महात्मा गांधीसुद्धा सुटले नाहीत. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर शहराजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, पोस्ट नव्हते. देशभरातून आणि परदेशातून पत्रे मात्र रोज यायची, आणि त्यांतली कितीतरी बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जायची. दोन्ही गावे तशी एकाच रेल्वेच्या वाटेवर, मध्ये अकोला, बडनेरा, पुलगाव. शेवटी १९४० साली सेगावचे नावच बदलून सेवाग्राम केले. पत्रांचा प्रश्न मिटला. प्रवाशांचा मात्र अजून पुरता मिटलेला नाही, कारण पुढे रेल्वेने वर्धा पूर्व या स्टेशनाचे नाव सेवाग्राम ठेवले.

हे नीट समजून घ्या, कारण अनेक जण इथे फसतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशने आहेत. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या वर्ध्यावरून जातात. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या, म्हणजे हिंगणघाट-बल्लारशहाकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या वर्ध्याला येतच नाहीत, सेवाग्राम स्टेशनावरूनच वळतात. तिकीट काढताना स्टेशनाचे नाव दोनदा वाचावे. आणि सेवाग्राम स्टेशन म्हणजे सेवाग्राम गाव नव्हे. तिथून आश्रम आणि दवाखाना काही किलोमीटर दूर आहे, ऑटो करावा लागतो. वर्धा स्टेशनावरून आठएक किलोमीटर पडते.

दवाखान्याचे नाव आले, तर त्याबद्दलच सांगते. सेवाग्रामला शाळेच्या सहली येतात, परदेशी पाहुणे येतात, पण शेतकऱ्याच्या घरातला माणूस सेवाग्रामला जातो तो बहुधा कस्तुरबा रुग्णालयात. हे रुग्णालय गांधीजींच्या हयातीत सुरू झाले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीचे रोगी इथे येतात, तेलंगणातूनही येतात. रोग्याबरोबर एकदोन माणसे येतात, आणि त्या माणसांना दिवस काढायचे असतात. वर्ध्याला आणखी एक मोठा दवाखाना आहे, सावंगीचा, विनोबा भाव्यांच्या नावाचा. तो शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. तेव्हा बसस्टँडवर उतरून नुसते "मोठ्या दवाखान्यात" म्हणू नका. सेवाग्राम की सावंगी ते आधी सांगा.

दिवाळीनंतर माझ्या नणंदेचे ऑपरेशन होते म्हणून मी तिच्यासोबत नऊ दिवस सेवाग्रामला होते. आत रोग्याजवळ एकानेच थांबायचे, म्हणून बाकीची माणसे बाहेर झाडांखाली बसायची. सतरंज्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी. पहिल्या दिवशी जो तो आपापल्या सतरंजीवर. दुसऱ्या दिवशी सतरंज्या जवळ सरकलेल्या, आणि तिसऱ्या दिवशी कोणत्या सतरंजीवर कोण बसले आहे याला काही अर्थ उरला नव्हता.

ओळख करून देण्याची इथली एक रीत आहे. आधी गाव, मग तालुका, मग कोणता वॉर्ड, मग रोगी आपला कोण, मग किती एकर आणि त्यात काय पेरले. आडनाव सर्वांत शेवटी, आणि कुणी विचारले तरच. वणीकडचे एक काकाजी होते, बायकोच्या पायासाठी आलेले. त्यांनी सांगितले, "सात एकर, पाच कपाशी, दोन तूर." झाडाखालच्या साऱ्यांनी मान हलवली. त्यावरून माणूस कळला, त्याची काळजीही कळली. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे बोंडे फुटलेली, कापूस झाडावर लोंबतो आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि घरचा कर्ता माणूस इथे झाडाखाली. पाऊस आला तर कापूस पिवळा पडणार. देवळीचा एक तरुण मुलगा वडिलांना घेऊन आला होता. त्याचेही तेच. माझ्या नणंदेच्या घरी तरी दीर होते. त्या काकाजींच्या घरी मागे फक्त म्हातारी आई आणि शाळेतली पोर.

सल्ल्यांची देवाणघेवाण सकाळी चहाच्या वेळी सुरू व्हायची. एस.टी.चे ज्ञान तर इथे चांगलेच मिळते. २०२३ च्या मार्चपासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून तिकीटच नाही, पण वयाचा पुरावा जवळ पाहिजे. एका आजीचे आधारकार्ड घरी राहिले होते, म्हणून येताना तिने पूर्ण पैसे मोजले. त्यानंतर तिने तिथे येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला आधी तेच विचारले, "कार्ड आणलं का बाप्पा?" रेशनकार्डही आणावे, सरकारी योजनेत उपचार बसतो का ते त्याशिवाय कळत नाही. कागदांच्या झेरॉक्स गावाहूनच चार-चार करून आणाव्या, आणि मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवावे. ही शेवटची सूचना देवळीच्या मुलाची. तो आठ दिवसांत इतका तरबेज झाला होता की नवे आलेले लोक त्याला दवाखान्याचाच माणूस समजत.

कुणी समृद्धी महामार्गाचे विचारले. मुलगा नागपूरच्या बाजूने मोटारसायकलने डबा घेऊन यायचा होता. दोघातिघांनी एकदम सांगितले की त्या रस्त्यावर मोटारसायकल चालत नाही, ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही. महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, आपल्याच शेतांमधून गेला, पण आपल्या फटफटीला तिथे मज्जाव. मुलाला जुन्याच रस्त्याने, सेलू-पवनारवरून यायला सांगितले.

यवतमाळकडच्यांचा विषय रेल्वेचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाची बोलणी ऐकतच त्यांची एक पिढी म्हातारी झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला. कळंबच्या चिंतामणीला आता रेल्वेने जाता येते याचे तिकडच्या बायांना फार कौतुक. आर्वीच्या एका मामाजींना मात्र हे बोलणे खुपत असावे. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी गाडी १९१७ पासूनची होती. रुंदीला कमी, वेगाला त्याहून कमी. कापसाच्या गाठी आणि माणसे दोन्ही वाहायची. ती बंद पडून बरीच वर्षे झाली. "तुमची येऊन राहिली, आमची गेली," एवढे म्हणून ते तंबाखू मळू लागले.

तिसऱ्या दिवशी आदिलाबादकडचे एक जोडपे आले. लेकरू लहान, तापाने फणफणलेले. त्यांना मराठी येत नव्हते, तेलुगूच तेवढी. नर्स काय सांगते ते त्यांना कळेना, आणि ते काय सांगतात ते कुणालाच कळेना. झाडाखाली गोष्ट पोचली. किनवटची एक बाई होती, तिचे माहेर तिकडचे. ती उठली, पदर खोचला आणि आत गेली. त्यानंतर पाच दिवस तिची सासू वॉर्डात आणि ही कधी सासूजवळ, कधी त्या लेकराजवळ. औषध कधी द्यायचे, कशाबरोबर द्यायचे, कोणत्या खिडकीवर जायचे, सगळे तिने त्या पोरीला पाठ करून घेतले. सहाव्या दिवशी ताप उतरला. लेकराच्या बापाने हिंगणघाट-पांढरकवडा वाटेवरच्या बसची वेळ विचारायला आर्वीच्या मामाजींना गाठले तेव्हा तो चक्क मराठीत बोलला. दोनच शब्द, पण मराठीत.

जुन्या लोकांकडून एक वेगळी गोष्ट कळली. आज दवाखान्याच्या विम्याचे कार्ड असते, पण पूर्वी सेवाग्रामच्या दवाखान्याने आसपासच्या खेड्यांसाठी ज्वारीचा विमा काढला होता. ज्वारी निघाली की घरटी ठरलेला वाटा गावाने जमा करायचा आणि त्यावर त्या घरांना वर्षभर सवलतीत उपचार. शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते, धान्य असते, हे ओळखून केलेली ती योजना होती. समुद्रपूरकडचे एक आजोबा म्हणाले की त्यांच्या घरचे पायलीने मोजून देत. आता त्या शिवारात ज्वारीच दिसत नाही. सोयाबीन, कपाशी, तूर. विमा ज्वारीचा असता तर द्यायला कुठून आणली असती, असा प्रश्न मी विचारला तेव्हा आजोबा हसले. उत्तर काही दिले नाही.

दुपारी रोगी झोपले की आश्रमात जाऊन येण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि तो ऐकावा. दवाखान्यापासून चालत जाता येते, पैसे पडत नाहीत. आधी आदिनिवास दिसतो. गांधीजी सुरुवातीला साऱ्यांबरोबर त्यातच राहत. नंतर ते मीराबेनच्या झोपडीत राहायला गेले, तीच आजची बापूकुटी. कुडाच्या भिंती, मातीचे लिंपण, वर कवेलू, भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली झाडे आणि चरखा. साप दिसला तर न मारता धरून लांब सोडायचा म्हणून ठेवलेला चिमटा आणि पेटी, व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून आलेला टेलिफोन. आमच्याबरोबर नणंदेच्या सासूबाई होत्या. त्यांनी सगळे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "असंच घर पाडून तर आपण स्लॅब टाकला." पण त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. आत गार होते. आपल्या स्लॅबखाली नोव्हेंबरातही पंखा लागतो.

उन्हाळ्यात येणार असाल तर विचार करून या. वर्ध्याचे ऊन पंचेचाळीसच्या वर जाते. लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर आश्रमात गांधीजींकडे राहिले होते. गरमीने ते इतके हैराण झाले की टबात पाणी भरून त्यात बसले, समोर खोके ठेवून त्यावर टाइपरायटर ठेवला आणि तसेच लिहीत राहिले. पुढच्याच महिन्यात, जुलैमध्ये, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक होऊन 'छोडो भारत'चा ठराव तयार झाला. ऑगस्टात त्याची ठिणगी याच जिल्ह्यातल्या आष्टीला पडली.

आश्रमात सहलीवाले बापूकुटीपाशी फोटो काढून परत फिरतात. त्यांनी परचुरे कुटी पाहायची राहू देऊ नये. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा माणसाला कुणी दारात उभे करीत नसे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून दिले. आमच्यासोबत हिंगणघाटची एक वहिनी आली होती. तिच्या नवऱ्याला कातडीचा कसला तरी आजार होता. कुष्ठ नव्हता, पण गावात लोक पाण्याचे भांडे वेगळे ठेवू लागले होते. ती त्या कुटीपाशी बराच वेळ उभी राहिली. परतताना काही बोलली नाही. संध्याकाळी तिच्या डब्यातली भाजी काकाजींनी आणि मामाजींनी मागून खाल्ली. त्यांना कुणी काही सांगितले होते की त्यांनी आपणच केले, मला माहीत नाही.

रविवारी पवनारला गेलो. नागपूर रस्त्यावर, वर्ध्यापासून आठएक किलोमीटर. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. १९३८ साली ते प्रकृती सुधारायला इथे आले आणि इथलेच झाले. शेत खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचे कोरीव शिल्प सापडले. ते इथेच आहे. १९५९ साली त्यांनी इथे बायांसाठी ब्रह्मविद्यामंदिर काढले. आपले आपण शेत करावे, आपले आपण शिजवावे आणि सगळे निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावे, अशी तिथली राहणी. नणंदेच्या सासूबाईंना हे फार नवलाचे वाटले. "सगळ्यांचं एकमत होतंच कसं?" असे त्यांनी तिथल्या एका ताईंना विचारले. ताई म्हणाल्या, होईपर्यंत बसतो. विनोबा १९८२ च्या १५ नोव्हेंबरला इथेच गेले. दर वर्षी त्या सुमारास इथे मित्रमिलन भरते, देशभरातले विनोबांचे लोक येतात. तेव्हा जायचे असेल तर उतरण्याची सोय आधी विचारून जावी. नदीत पाणी असेल तर लेकरांना हाताशी धरावे, खडक निसरडे आहेत.

वेळ असेल त्यांना आणखी ठिकाणे सांगितली जात. केळझरचा सिद्धिविनायक नागपूरच्याच वाटेवर. बोर धरण आणि त्यामागचे जंगल हिंगणीकडून; २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे आत जाण्याचे नियम आहेत. गिरडचा शेख फरीदबाबांचा दर्गा समुद्रपूर तालुक्यात, टेकडीवर. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड मिळतात. व्यापाऱ्याने बाबांशी खोटे बोलल्यामुळे त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. कारंजा घाडग्यांचे एक भाऊ कुणी काहीही विचारले तरी उत्तर हेटीकुंडीवर आणून ठेवीत. तिथे गवळाऊ गाईंची पैदास होते. ही वर्ध्याचीच जात, पांढरी, अंगाने हलकी, छकड्याला जुंपली तर बैल घोड्यासारखा पळतो. "मंदिरं सगळीकडं आहेत, गवळाऊ इथंच आहे," असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही.

आता त्या वणीच्या काकाजींचे. चौथ्या दिवशी गावाहून फोन आला, आभाळ आले आहे. कापूस झाडावर, घरी म्हातारी. बायकोचे ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, तिला उठवायला-बसवायला माणूस पाहिजे. ते झाडाखाली बसून राहिले, कुणाशी बोलेनात. किनवटच्या बाईने विषय काढला. एकट्या बाईजवळ बाईच बसू शकते, आणि आम्ही चौघी आहोत. पाळ्या ठरल्या. रात्री हिंगणघाटची वहिनी, सकाळी मी, दुपारी किनवटची, संध्याकाळी देवळीच्या मुलाची आई, जी त्याच दिवशी आली होती आणि अजून कुणाला ओळखतही नव्हती. मामाजींनी बसचे सांगितले, हिंगणघाटला उतरा, तिथून वरोऱ्याची धरा, वरोऱ्याला वणीची मिळेल, थेट गाडीची वाट पाहत बसू नका. देवळीच्या मुलाने काकाजींचा फोन आपल्या चार्जरला लावला आणि त्यात आम्हा सगळ्यांचे नंबर भरून दिले. नावांऐवजी गावे लिहिली. देवळी, आर्वी, किनवट, हिंगणघाट.

काकाजी तिसऱ्या दिवशी रात्री परतले. दोन एकर वेचून झाला होता, बाकीच्यावर थोडा पाऊस पडला. येताना त्यांनी ज्वारीच्या पिठाची थैली आणि हिरव्या मिरच्या आणल्या. ज्वारी म्हटल्यावर समुद्रपूरचे आजोबा पुढे सरसावले. आश्रमाच्या बाजूच्या एका घरी चूल मागून भाकरी भाजल्या. नऊ दिवसांतले ते एकच गरम जेवण.

निघताना वर्ध्याहून गोरसपाक घ्यायचा असतो. गाईच्या तुपातला, कुरकुरीत. गोरस भांडारात मिळतो. आठवडाभर तरी टिकतो, त्यामुळे लांबच्या प्रवासाला बरा. देवळीच्या मुलाने बजावले होते की दोन पुडे घ्या, एक घरचा आणि एक झाडाखालचा. आम्ही तीन घेतले.

संक्रांतीला काकाजींचा फोन आला. माझ्या फोनवर 'वणी' असेच नाव उमटले. बायको काठी धरून चालते म्हणाले, तूर बरी आहे म्हणाले, आणि मग त्यांच्या साडूला वडिलांना सेवाग्रामला आणायचे आहे म्हणाले. साडू उमरखेडचा. त्याने कोणत्या गाडीने यावे, ते विचारायला फोन केला होता. मी यवतमाळवरून कळंब, देवळी, वर्धा असे सांगितले, आणि म्हाताऱ्याचे आधारकार्ड आणायला सांगा म्हटले.